रजा मंजूर करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना

पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपन्यांमधले सगळे प्रोजेक्ट मॅनेजर, डिलिव्हरी मॅनेजर आणि टीम लीड यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

गणपतीच्या रजांचे अर्ज एव्हाना तुमच्याकडे येऊन पडले असतील. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते १२० दिवस आधी उघडायचं. कोकणात जाणाऱ्या गाड्या गणपतीच्या दिवसांत बघता बघता वेटिंगवर जातात. म्हणून तुमच्या टीममधला चिपळूणचा किंवा सावंतवाडीचा मुलगा सकाळी आठ वाजता आधी तिकीट काढतो आणि मग तुमच्याकडे रजा मागतो. तिकीट कन्फर्म होतं, रजा पेंडिंग राहते. गावाकडून आई विचारते, "येतोयस ना?" तो म्हणतो, "बघू." हे 'बघू' तो दोन महिने म्हणत राहतो.

मी १९९७ साली अंधेरीच्या सीप्झमध्ये वायटूकेच्या, म्हणजे सन २००० उजाडताना संगणकांचा तारखांत घोळ होऊ नये म्हणून चाललेल्या कामावर रुजू झाले. कोबोलच्या हजारो ओळींमधून दोन अंकी वर्ष शोधायचं आणि ते चार अंकी करायचं, एवढंच काम होतं. मग पुणे, मग दोनदा ऑनसाइट, मग पुन्हा पुणे, बहुतेक काळ बँकांच्या सॉफ्टवेअरवर. २८ वर्षं नोकरी करून गेल्या वर्षी थांबले. त्यातली सोळा वर्षं मी तुमच्याच खुर्चीत होते, आणि मंजूर-नामंजूरची ती दोन बटणं माझ्याही हाताखाली होती. त्या बटणांविषयीच हे पत्र आहे.

आधी एक गोष्ट कबूल करते.

२०१२ च्या सप्टेंबरात आमच्या टीममधल्या एका मुलाला डेंग्यू झाला. एका बँकेची दिवसअखेरची प्रक्रिया, जिला आपण ईओडी म्हणतो, ती तो एकटा सांभाळायचा. रात्री दिवसभराचे व्यवहार बंद होतात, व्याज लागतं, खाती जुळतात, आणि हे सगळं सुरळीत झालं तरच सकाळी शाखांचं काम वेळेवर सुरू होतं. महिनाअखेर होती. ईओडीची बॅच, म्हणजे रात्री ओळीने आपोआप चालणारी ती कामं, मध्येच अडकली. रात्री दीड वाजता मी त्याला फोन लावला. त्याच्या आईने उचलला. हॉस्पिटलमध्ये होते, प्लेटलेट्स उतरल्या होत्या, हाताला सलाईन होतं. मी म्हटलं, "काकू, फक्त दोन मिनिटं." त्यांनी फोन त्याच्या कानाशी धरला. त्याने क्षीण आवाजात एका फायलीचं नाव सांगितलं, ती कुठून हलवून कुठे ठेवायची ते सांगितलं. बॅच पुढे गेली. सकाळी बँक उघडली. क्लायंटची कौतुकाची मेल आली, आणि ती टीमला पाठवताना मी वर त्याच्या निष्ठेबद्दल चार ओळी लिहिल्या.

त्या चार ओळींची मला आजही लाज वाटते. त्याने निष्ठा दाखवली होती, हे खरं. पण अख्ख्या बँकेची रात्र एका माणसाच्या आठवणीवर टांगून ठेवली होती ती मी. आमच्याकडे सर्व्हर दोन होते, एक पडला तर दुसरा. वीज गेली तर जनरेटर होता. डेटा सेंटर नवी मुंबईत आणि डीआर साइट, म्हणजे ते बंद पडलं तर काम चालवायची पर्यायी जागा, दुसऱ्या शहरात होती. मुख्य सेंटर ठराविक काळाने मुद्दाम बंद करून दुसरीकडे काम चालतं की नाही हे आम्ही तपासायचो. माणूस मात्र एकच, आणि तो बंद पडला तर काय, याची ड्रिल आम्ही कधीच केली नव्हती.

माणसांचीही अशी ड्रिल असते हे मला त्याच बँकेत कळलं. तिथल्या ट्रेझरीतले एक साहेब होते, त्यांच्या होकाराशिवाय आमचं पान हलत नसे. एका सोमवारी ते आलेच नाहीत. त्यांच्या जागी दुसऱ्या बाई बसल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "मँडेटरी लीव्हवर आहेत. फोन करू नका, लॉगिनही बंद आहे." मला आधी वाटलं, काही चौकशी चालू असावी. तसं काही नव्हतं, हा नेमच होता. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२१ च्या परिपत्रकात तो पुन्हा स्पष्ट केला आहे: संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्याला दरवर्षी सलग किमान १० कामाचे दिवस, आधी कल्पना न देता, रजेवर पाठवायचं, आणि त्या काळात कार्यालयाची ईमेल सोडली तर कामाशी संबंधित कशालाही त्याला हात लावू द्यायचा नाही. यामागचा हेतू कर्मचाऱ्याची विश्रांती हा नाही. रोज हजर राहणाराच घोटाळा झाकून ठेवू शकतो. दहा दिवस त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं की झाकलेलं वर येतं.

आपल्याकडे घोटाळे नसतील, पण झाकलेलं पुष्कळ असतं.

२०१३ पासून आम्ही आमच्या टीमपुरता हाच नियम केला. तारखा मात्र ज्याने त्याने निवडायच्या. सलग दहा कामाचे दिवस, म्हणजे पुढचे-मागचे शनिवार-रविवार धरून सोळा दिवस. लॅपटॉप माझ्या कपाटात, व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या सिस्टिममध्ये शिरायची वाट, बंद, ग्रुपमधून तात्पुरतं नाव बाहेर. यासाठी मला वरून कुणाची परवानगी लागली नाही, कारण रजा सगळ्यांच्या खात्यावर पडूनच होत्या. पहिली गेली ती आमची टेस्टिंग लीड, मे महिन्यात, मुलांना घेऊन माहेरी अचलपूरला.

ती गेल्यावर चार दिवसांत तीन गोष्टी वर आल्या. एका स्क्रिप्टचा पासवर्ड फक्त तिच्या वहीत होता. क्लायंटकडचे एक अधिकारी तक्रारीची रीतसर नोंद, म्हणजे तिकिट, न टाकता थेट तिच्याच मोबाइलवर फोन करायचे, त्यामुळे त्यांच्या तक्रारी आमच्या नोंदीत कधी दिसतच नव्हत्या. आणि तिसरी गोष्ट कळली तेव्हा मी सुन्न झाले: एक साप्ताहिक रिपोर्ट आमच्या सिस्टिममधून चुकीचा निघायचा, आणि ती पाच वर्षं दर शुक्रवारी संध्याकाळी तो हाताने एक्सेलमध्ये दुरुस्त करून पाठवत होती. तिने सुरुवातीला सांगितलं होतं. "पुढच्या रिलीजमध्ये बघू", म्हणजे सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्तीत, असं तिला सांगण्यात आलं होतं. तिच्या पाच वर्षांच्या शुक्रवारच्या संध्याकाळी अशा गेल्या, आणि दोष दुरुस्त करायला शेवटी एका माणसाचे दोन दिवस लागले.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, माणूस रजेवर गेल्यावर काम अडलं तर त्याला परत बोलवू नका. काय अडलं ते लिहून ठेवा. एरवी ते तुम्हाला कुठल्याही रिव्ह्यूत दिसणार नाही. आमच्याकडे पहिलं वर्ष कठीण गेलं, दुसऱ्या वर्षी हँडओव्हरची टिपणं तीन पानांवर आली, आणि तिसऱ्या वर्षी रात्री दीडचे फोन जवळजवळ थांबले. त्या डेंग्यू झालेल्या मुलाने त्याच सुमारास लग्न केलं आणि सोळा दिवस केरळला गेला. ईओडी एका नव्या मुलीने चालवली.

वारीची गोष्ट मात्र मला दुरुस्त करता आली नाही. ती याच्या आधीची, २०१० ची. बार्शीकडचा एक मुलगा होता. त्याचे वडील दरवर्षी गावाच्या दिंडीबरोबर आळंदीहून पायी पंढरपूरला जायचे. त्याने जानेवारीतच अर्ज केला: जुलैत वीस दिवस, एकदाच, वडिलांबरोबर पूर्ण वारी करायची आहे. सहा महिने आधी. याहून शहाण्यासारखं कुणी काय मागावं? मी नाकारला, कारण जुलैत रिलीज होतं. तीन दिवस दिले. त्यात तो आळंदी ते पुणे आणि पुढे दिवेघाट चढून सासवडपर्यंत गेला आणि परतला. पुण्यातले पुष्कळ आयटीवाले एवढंच चालतात. आयटी दिंडीबरोबर मीही आळंदी ते पुणे चालले आहे आणि त्या एका दिवसाचं मोल मला ठाऊक आहे. पण त्याला घाटाच्या पुढचं हवं होतं. राहुटीत वडिलांच्या शेजारी झोपायचं होतं, वाखरीचं रिंगण त्यांच्याबरोबर बघायचं होतं. रिलीजचं म्हणाल, तर क्लायंटने स्वतःच्या अडचणीमुळे ते तीन आठवडे पुढे ढकललं. आषाढी एकादशीला आमच्या टीमला काहीही काम नव्हतं.

पुढच्या वर्षी मी होऊन त्याला वीस दिवस देऊ केले. तो म्हणाला, "मॅडम, आता वडील एसटीने जातात. गुडघे गेले."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

आपल्या भाषेत याला दोन शब्द आहेत. रजा म्हणजे परवानगी. ती मागावी लागते. सुट्टी मात्र सुटण्यातून आली आहे, गाठ सुटावी तशी. आपल्या कंपन्यांमध्ये रजा भरपूर मिळतात आणि सुट्टी होत नाही. माणूस गावाला जातो, पण लॅपटॉप बॅगेत असतो. "फक्त क्रिटिकल असेल तरच पिंग करू" असं आपण सांगतो, आणि तो आजीच्या अंगणात रेंज शोधत फिरतो.

आपलं घड्याळही आपलं नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात, आणि न्यूयॉर्कची सकाळी नऊची मीटिंग इथे साडेसहाच्या ऐवजी साडेसातला येते, ती मार्चपर्यंत तिथेच राहते. साडेसात म्हणजे कुकर लावायची वेळ. मी कितीतरी वर्षं कानात हेडफोन घालून, म्यूट दाबून कणीक मळली आहे. "आई, म्यूटवर आहेस का?" असं विचारून मगच माझी मुलगी शाळेतलं काही सांगायची. आपण मॅनेजर हा एक तास मागेपुढे करू शकतो. मी शेवटच्या काही वर्षांत क्लायंटला विचारलं, हिवाळ्यात मीटिंग तुमच्या आठला ठेवू या का? त्यांनी लगेच हो म्हटलं. मी पंधरा वर्षं विचारलंच नव्हतं.

तेच सुट्ट्यांचं. डिसेंबरात अमेरिकेतल्या क्लायंटकडे कोड फ्रीज असतं, म्हणजे सॉफ्टवेअरमधले बदल थांबवलेले असतात, तिकडचे लोक नाताळला घरी जातात, म्हणून आपल्याकडेही रजा पटापट मंजूर होतात. पण आपल्या मुलांच्या शाळांना खरी मोठी सुट्टी दिवाळीत आणि मे महिन्यात असते. युरोपातले क्लायंट ऑगस्टमध्ये तीन-तीन आठवडे गायब होतात. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशात वर्षाला किमान चार आठवडे पगारी रजा बंधनकारक आहे. त्यांची 'आउट ऑफ ऑफिस'ची मेल आली की आपण निमूट प्लॅन बदलतो. मग आपल्या माणसाच्या दिवाळीसाठी प्लॅन का बदलत नाही? क्लायंटची रजा आपण हवामानासारखी गृहीत धरतो, आणि आपल्या टीममधल्या माणसाची रजा आली की ती अडथळा वाटते.

बायकांच्या रजांविषयी वेगळं सांगते, कारण त्या कुठे जातात ते आकड्यात दिसत नाही. त्या मुलांच्या तापात जातात, सासऱ्यांच्या मोतीबिंदूत जातात, शाळेच्या मीटिंगांत जातात. वर्षाच्या शेवटी तिच्या खात्यावर शून्य असतं आणि तिने स्वतः एक दिवस पाय पसरलेले नसतात. माझी मुलगी २००३ साली झाली तेव्हा बाळंतपणाची रजा १२ आठवडे होती. २०१७ पासून ती २६ आठवडे झाली, फार चांगलं झालं. बाप झालेल्या मुलाला मात्र खासगी नोकरीत कायद्याने अजून एकही दिवस मिळत नाही. कंपनी देईल तेवढंच. तेव्हा तुमच्या टीममधला नवा बाप रजा मागायला आला तर "घरी आई आहे ना?" असं त्याला विचारू नका. मी विचारलं आहे.

कायद्याचंही थोडं बोलते, कारण आपल्यातले पुष्कळजण तो फॅक्टरीवाल्यांसाठी आहे असं समजतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ किरकोळ रजा आहेत, आठ सणांच्या पगारी सुट्ट्या आहेत, वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा आहे आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. पंधरा दिवस आधी मागूनही मालकाने नाकारली तर ४५ च्या वरच्या रजेचे पैसे मागता येतात. याच कायद्याने व्यवस्थापकीय, देखरेखीच्या किंवा गोपनीय स्वरूपाच्या जागांवरची माणसं बाहेर ठेवली आहेत, आणि आपल्या धंद्यात तर चार वर्षांच्या अनुभवावर 'लीड' हे नाव मिळतं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने दिवसाचे ९ तास १० करायला आणि तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा १२५ तासांवरून १४४ वर न्यायला मंजुरी दिली. दुसरीकडे, कामाच्या वेळेनंतर आलेल्या फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडलं. हिंजवडी त्यांच्याच मतदारसंघात येतं. खासगी विधेयकं क्वचितच कायद्यात उतरतात, म्हणून त्याची वाट बघत बसू नका. रात्री दहानंतर मेल न पाठवायला कायदा लागत नाही.

कायदा रजा मोजतो. ती घेतली का, हे कुणीच मोजत नाही. आपल्या डॅशबोर्डवर यूटिलायझेशन, म्हणजे कुणाचा किती वेळ कामात लागला ते असतं, बिलिंग असतं, राजीनाम्यांचं प्रमाण असतं. टीममधल्या कुणी सलग आठवडाभर सुट्टी घेऊन किती महिने झाले, हा रकाना मी कुठेही पाहिला नाही. तो टाका. माझ्याकडे मी तो साध्या एक्सेलमध्ये ठेवला होता. एका माणसापुढे ३१ महिने असं दिसलं तेव्हा मी त्याच्या अर्जाची वाट पाहिली नाही.

कारण मुलं आता अर्जच करत नाहीत. जुलै २०२५ मध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपनीने सुमारे १२,००० लोक, म्हणजे दोन टक्के, कमी करणार असं जाहीर केलं, आणि त्यानंतर प्रत्येक कंपनीच्या कँटीनमध्ये तोच विषय होता. मी दहा दिवस नसलो आणि काम चाललं, तर माझी गरजच नाही असं ठरेल. ही भीती मी पंचविशीतल्या मुलांच्या तोंडून ऐकली आहे. एआयने ती आणखी वाढवली. तुम्ही त्यांना स्पष्ट सांगायला हवं की काम दुसऱ्याच्या हाती सोपवून निर्धास्त जाता येणं ही कमाई आहे, आणि अप्रेझलमध्ये ती तशी लिहायला हवी. नुसतं तोंडाने सांगून त्यांचा विश्वास बसणार नाही. तुम्ही स्वतः जा. तुम्ही गोव्याच्या किनाऱ्यावरून स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला, हजर राहिलात, की टीमला जे कळायचं ते कळतं.

याच राज्यात गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मागायला सहा वर्षं लागली होती. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईत बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. आपण रिलीज नेमकं शनिवारी रात्री ठेवतो, कारण तेव्हा वापरणारे कमी असतात, आणि रविवारचा दिवस ते स्थिर करण्यात जातो. कॉम्प-ऑफ, म्हणजे त्याच्या बदली सुट्टी, देतो म्हणतो. तो कॉम्प-ऑफ किती जणांनी खरंच घेतला ते एकदा सिस्टिममध्ये उघडून बघा. बरेचसे मुदत संपून गेलेले दिसतील.

मी निघाले तेव्हा हिशेबाच्या कागदावर ४५ दिवसांच्या रजेचे पैसे होते. रक्कम चांगली होती. टीमला दहा दिवस पाठवणारी मी स्वतः मात्र ते दहा दिवस तीनदाच घेतले. बाकीची वर्षं "या वेळी जमणार नाही" म्हणत गेली. कागदावर सही करताना ते ४५ दिवस कोणते असतील हे मी आठवू लागले. बाबांनी एकदा औदुंबरला चल म्हटलं होतं, ते त्यातलेच असतील. बाबा २०१८ मध्ये गेले.

तुमच्याकडे आलेल्या गणपतीच्या अर्जांचं आजच काहीतरी करा. ज्याला देता येत नाही त्याला आज स्पष्ट नाही म्हणा, म्हणजे तो तिकीट तरी रद्द करील. पण नाही म्हणण्याआधी एकदा त्याला जवळ बसवून विचारा, तू नसताना नेमकं काय अडेल? ते लिहून घ्या. दोन महिने हाताशी आहेत, तेवढ्यात ते दुसऱ्या कुणाला शिकवून होतं. आणि मग अर्ज मंजूर करा, त्याच्यासमोर, म्हणजे त्याला तिथूनच घरी फोन लावता येईल.

आपली,
एक जुनी सहकारी
पुणे